कॉर्पोरेट लिबर्टेरियनिझम घ्यावं का? त्याचा हिशोब शंभर टर्न आधी सुरू होतो

प्रश्न: ‘सिव्हिलायझेशन 6’ हा टर्न-टर्नने, म्हणजे पाळीपाळीने, साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम मी ‘गॅदरिंग स्टॉर्म’ विस्तारासह खेळतो. व्हेंचर पॉलिटिक्स हे सिव्हिक (कल्चर जमवून गाठायचा सामाजिक टप्पा) नुकतंच पूर्ण झालं आणि कॉर्पोरेट लिबर्टेरियनिझम हा राज्यप्रकार उघडला. सध्या डेमोक्रसीत आहे, सायन्स व्हिक्टरीकडे, म्हणजे अवकाश मोहिमेने जिंकण्याकडे, चाललोय. 9 शहरं आहेत. 7 शहरांत कमर्शियल हब (व्यापाराचा डिस्ट्रिक्ट, म्हणजे शहराचा खास विभाग), 2 शहरांत एन्कॅम्पमेंट (छावणीचा डिस्ट्रिक्ट). सायन्स 10 टक्क्यांनी घटणार हे वाचून हात थांबला. हा प्रकार घेण्यासारखा आहे का? आणि तो नेमका कोणासाठी आहे?

उत्तर: तुमच्या डावापुरतं आधी सांगून टाकतो. घ्या, पण मुक्काम करू नका. स्पेसपोर्ट बांधून होईपर्यंत त्यात राहा आणि पुढे सिंथेटिक टेक्नॉक्रसीत जा. असं का, हे सांगायला जरा जागा लागेल, कारण या राज्यप्रकाराबद्दल खेळाडूंची दोन टोकाची मतं असतात. कोणी उणे 10 टक्के बघून त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, तर कोणी इकॉनॉमिक कार्डांच्या (सरकारात लावायच्या धोरणांच्या) 5 जागा बघून डोळे झाकून घेतो. दोघंही चुकीच्या आकड्याकडे बघत असतात असं माझं स्पष्ट मत आहे.

‘गॅदरिंग स्टॉर्म’ फेब्रुवारी 2019मध्ये आलं आणि त्याने खेळाच्या शेवटी चौथ्या पातळीचे तीन राज्यप्रकार आणले: कॉर्पोरेट लिबर्टेरियनिझम, डिजिटल डेमोक्रसी आणि सिंथेटिक टेक्नॉक्रसी. तिघांनाही एकूण 10 कार्डांच्या जागा मिळतात. तिसऱ्या पातळीवर, म्हणजे डेमोक्रसी, कम्युनिझम, फॅसिझममध्ये, त्या 8 असतात. तिघांनाही एकेक ठळक तोटा लावलेला आहे. डिजिटल डेमोक्रसीत सगळ्या युनिटांची लढाऊ ताकद 3ने कमी होते, सिंथेटिक टेक्नॉक्रसीत टुरिझम 10 टक्क्यांनी घटतो आणि कॉर्पोरेटमध्ये सायन्स 10 टक्क्यांनी घटतं. म्हणजे तिघांनी एकेका विजयाच्या वाटेवर काटा पेरलेला आहे. तोटा आपल्या वाटेवर आहे की दुसऱ्याच्या, हे आधी बघायचं. ते एकदा कळलं की मग फायद्याकडे वळायचं.

कॉर्पोरेटचे फायदे दोन. शहरात कमर्शियल हब असेल तर त्या शहराचं प्रॉडक्शन (बांधणीची क्षमता) 10 टक्क्यांनी वाढतं आणि एन्कॅम्पमेंट असेल तर आणखी 10 टक्के. दोन्ही असतील तर 20. दुसरा फायदा असा की स्ट्रॅटेजिक रिसोर्सच्या (तेल, कोळसा, युरेनियम वगैरे) प्रत्येक विकसित स्रोतातून दर टर्नला 1 नग जास्त जमा होतो.

हब आणि एन्कॅम्पमेंट हीच जोडी का, याचं उत्तर इतिहासात सापडतं आणि मला ते फार नेमकं वाटतं. कंपनीने राज्य केल्याची खरी उदाहरणं बघितली तर तिथे वखार आणि छावणी कायम शेजारी-शेजारी दिसतात. ईस्ट इंडिया कंपनीला 1600मध्ये सनद मिळाली ती व्यापाराची. 1765मध्ये बंगालची दिवाणी हातात आली तेव्हा तिच्याकडे स्वतःचं सैन्य होतं, आणि 1858मध्ये कारभार ब्रिटिश राजसत्तेकडे गेला तोपर्यंत तिचं राज्य याच दोन पायांवर उभं होतं. 1602मध्ये स्थापन झालेल्या डच कंपनीलाही लढाया करण्याचे आणि तह करण्याचे अधिकार दिलेले होते. व्यापार आणि बंदूक एकाच मालकाच्या हातात असणं ही कंपनी सरकारची खरी ओळख. खेळ रचणाऱ्यांनी ती डिस्ट्रिक्टांच्या भाषेत बसवली. नाव भविष्यातलं असलं तरी विचार चारशे वर्षं जुना आहे.

आता मुख्य मुद्दा. हा राज्यप्रकार शेवटी निवडला जातो, पण त्याची किंमत डावाच्या मध्यात भरावी लागते. कमर्शियल हब आपण तसेही बांधतो, ट्रेड रूटसाठी आणि सोन्यासाठी. एन्कॅम्पमेंट मात्र शांतताप्रिय खेळाडू शक्यतो टाळतो. शहराच्या लोकसंख्येनुसार डिस्ट्रिक्टांची संख्या ठरते. पहिला लगेच, दुसरा 4 लोकसंख्येला, तिसरा 7ला, चौथा 10ला. त्यात कॅम्पस (सायन्सचा डिस्ट्रिक्ट), हब, इंडस्ट्रियल झोन, थिएटर स्क्वेअर असा क्रम लावला की एन्कॅम्पमेंटची पाळी येतच नाही. मग व्हेंचर पॉलिटिक्स पूर्ण होतं, यादीत ‘प्रत्येक एन्कॅम्पमेंटमागे 10 टक्के’ दिसतं आणि माणूस घाईघाईने प्रत्येक शहरात एन्कॅम्पमेंट रांगेत लावतो. हे करू नका. आकडे मांडून दाखवतो.

समजा एका शहराचं मूळ प्रॉडक्शन 80 आहे. हबचे 10 टक्के मिळतातच. एन्कॅम्पमेंटने मिळणारे जादा 10 टक्के म्हणजे दर टर्नला 8. आता त्या टप्प्यावर एन्कॅम्पमेंट बांधायला 300 प्रॉडक्शन लागतंय असं धरू. डिस्ट्रिक्टांचा खर्च आपण टेक आणि सिव्हिकमध्ये जितके पुढे जातो तितका वाढत जातो, त्यामुळे हा आकडा अवास्तव नाही. 300 भागिले 8 म्हणजे साडेसदतीस टर्न. घातलेलं प्रॉडक्शन नुसतं परत यायला इतके टर्न लागतात, नफा त्यानंतर. चौथ्या पातळीच्या राज्यप्रकारापर्यंत पोचलेला डाव बहुतेक वेळा तेवढा टिकत नाही. 80 हे तर बऱ्यापैकी मोठं शहर झालं. 30-40 प्रॉडक्शनच्या शहरात हा व्यवहार सरळसरळ तोट्याचा आहे.

याउलट तेच एन्कॅम्पमेंट मध्ययुगात बांधलेलं असेल तर त्याने तोवर कितीतरी कामं केलेली असतात. ग्रेट जनरलचे पॉइंट, शहराला एक जादा तटबंदी आणि तिचा वेगळा मारा, युनिटांना अनुभव. त्याचं मोल वसूल झालेलं असतं आणि कॉर्पोरेटचे 10 टक्के वर जादा मिळतात. म्हणून या प्रकाराचा विचार करायचा तो सीमेवरची शहरं वसवताना. ज्या दोन-तीन शहरांना शेजाऱ्याचा धोका आहे आणि ज्यांचं प्रॉडक्शन मुळात दांडगं आहे, तिथे एन्कॅम्पमेंट लवकर. बाकी शहरांना हब पुरे.

इथे दोन युक्त्या उपयोगी पडतात. पहिली: डिस्ट्रिक्टचा खर्च तो नकाशावर ठेवला त्या क्षणी गोठतो. लोकसंख्येची जागा मोकळी झाली की लगेच टाइल (नकाशावरचं घर) ठरवून एन्कॅम्पमेंट ठेवून द्या, बांधायला घेतलं नाही तरी चालेल. पुढे खर्च कितीही चढला तरी तुमचा जुनाच राहतो. मात्र ठेवलेला डिस्ट्रिक्ट अपूर्ण असला तरी शहराची एक जागा अडवतो, हे लक्षात ठेवून करा. शिवाय एन्कॅम्पमेंट सिटी सेंटरला लागून ठेवता येत नाही, तेव्हा टाइल आधीच राखून ठेवावी लागते. दुसरी: एखाद्या प्रकारचा डिस्ट्रिक्ट तुमच्याकडे इतरांच्या सरासरीपेक्षा कमी असेल आणि बाकीचे डिस्ट्रिक्ट पुरेसे बांधून झालेले असतील, तर त्याला 40 टक्के सूट लागते. एन्कॅम्पमेंट सगळेच टाळतात, म्हणून ही सूट बहुतेक वेळा त्यालाच मिळते. खर्च अचानक कमी दिसला तर तो याचा परिणाम असतो. तेव्हाच ठेवून टाका.

टक्क्यांबद्दल आणखी एक गोष्ट. या खेळात शहरावरचे टक्के एकमेकांत मिळवले जातात, गुणले जात नाहीत. शहर आनंदी असेल तर अन्न सोडून बाकी सगळ्या उत्पन्नावर 10 टक्के मिळतात, अत्यानंदी असेल तर 20. समजा तुमचं शहर अत्यानंदी आहे. मूळ 100 सायन्सचे तिथे 120 होतात. कॉर्पोरेटमध्ये गेल्यावर ते 110 होतील. म्हणजे खरी घट 10 टक्के नसून 8च्या थोडी वर झाली. प्रॉडक्शनलाही हाच नियम लागू आहे. हब आणि एन्कॅम्पमेंट दोन्ही असतील तर 120चे 140 होतात, म्हणजे प्रत्यक्षातली वाढ साधारण 17 टक्के. तोटाही दिसतो त्यापेक्षा थोडा कमी आणि फायदाही थोडा कमी. याच कारणाने डिजिटल डेमोक्रसीला हलकं लेखू नका. तिथे प्रत्येक शहराला 2 अ‍ॅमेनिटी (लोकांना खूश ठेवणाऱ्या सोयी) मिळतात, आणि त्याने शहर एक पायरी वर चढलं तर प्रॉडक्शन, सायन्स, सोनं, कल्चर सगळंच वाढतं. ज्यांच्या शहरांत नाराजी आहे त्यांना कॉर्पोरेटपेक्षा तोच प्रकार जास्त प्रॉडक्शन देऊन जाऊ शकतो.

आता कार्डांच्या जागा, कारण सर्वात जास्त फसगत इथे होते. कॉर्पोरेटमध्ये 3 मिलिटरी, 5 इकॉनॉमिक, 1 डिप्लोमॅटिक आणि 1 वाइल्डकार्ड. सिंथेटिक टेक्नॉक्रसीत 3 मिलिटरी, 3 इकॉनॉमिक, 1 डिप्लोमॅटिक आणि 3 वाइल्डकार्ड. वाइल्डकार्डच्या जागेत कुठलंही कार्ड बसतं. म्हणजे इकॉनॉमिक कार्डं जास्तीत जास्त किती लावता येतील? कॉर्पोरेटमध्ये 5 अधिक 1, म्हणजे 6. सिंथेटिकमध्ये 3 अधिक 3, तीही 6! पाच जागांचा जो मोह पडतो त्यात प्रत्यक्षात काहीच जादा नाही. उलट सिंथेटिकमध्ये त्याच जागा हव्या तेव्हा युद्धाकडे वळवता येतात, कॉर्पोरेटमध्ये त्या इकॉनॉमिकलाच बांधलेल्या आहेत. तुमच्या डेमोक्रसीशी तुलना केली तरी तिथे 3 अधिक 2 म्हणजे 5 इकॉनॉमिक कार्डं बसत होतीच. कॉर्पोरेटमध्ये एकच वाढलं.

वाइल्डकार्ड एकच असण्याचा आणखी एक चटका लेगसी कार्डांचा. गव्हर्न्मेंट प्लाझा या सरकारी डिस्ट्रिक्टात इमारत बांधताना तुम्ही ज्या राज्यप्रकारात असता त्याचं लेगसी कार्ड, म्हणजे त्याचा फायदा पुढेही देणारं कार्ड, उघडतं आणि ते वाइल्डकार्डच्या जागेतच बसतं. मागच्या तीन पातळ्यांवर तुम्ही कमावलेल्या तीन लेगसींपैकी कॉर्पोरेटमध्ये एकच सोबत नेता येते. पायदळावर लढणाऱ्याला ऑलिगार्की या जुन्या राज्यप्रकाराची लेगसी हवीच असते, कारण तिने मेली (समोरासमोर लढणाऱ्या) युनिटांची ताकद 4ने वाढते आणि ते शेवटच्या मेकॅनाइज्ड इन्फंट्रीपर्यंत लागू राहतं. ती लावली की ग्रेट पर्सनची कार्डं बाहेर. रणगाडे आणि मॉडर्न आर्मर हे हेवी कॅव्हलरीत येतात, त्यांना ही लेगसी लागू नाही, तेव्हा तुमचं सैन्य कशाचं आहे ते बघूनच ती एकुलती जागा भरा.

मग कॉर्पोरेटमध्ये उरलं काय? उरला तो दुसरा फायदा, ज्याच्याबद्दल सर्वात कमी बोललं जातं: रिसोर्स. माझ्या मते हे तेलाचं आणि युरेनियमचं सरकार आहे, प्रॉडक्शनचे टक्के ही त्याची किरकोळ बाजू.

‘गॅदरिंग स्टॉर्म’नंतर स्ट्रॅटेजिक रिसोर्स साठवले जातात आणि खर्चही होतात. रणगाडा किंवा इन्फंट्री बांधताना तेल लागतं, आणि नंतर उभं ठेवायलाही दर टर्नला 1 तेल लागतं. साठा संपला की युनिटांची ताकद घसरते. त्यातच पॉवर प्लांट त्याच साठ्यातून घेतात. कोळसा किंवा तेलाचा 1 नग 4 पॉवर देतो, युरेनियमचा 1 नग 16. कारखाने, रिसर्च लॅब, स्टेडियम यांना पॉवर हवी, सैन्याला तेल हवं आणि विहिरी तेवढ्याच. उशिराच्या युद्धात सैन्याचा आकार प्रॉडक्शनपेक्षा तेलावर जास्त ठरतो, हे चांगलं खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

समजा तेलाच्या 4 विहिरी आहेत. कॉर्पोरेटने दर टर्नला 4 तेल वाढलं. त्यावर रिसोर्स मॅनेजमेंट हे कार्ड लावलं, ज्याने तेल आणि अ‍ॅल्युमिनियमच्या प्रत्येक विकसित स्रोतामागे 1 नग वाढतो, तर आणखी 4. एकूण 8 तेल जास्त. म्हणजे पूर्वीच्या सैन्यावर आणखी 8 रणगाडे कायम उभे ठेवता येतात. प्रॉडक्शनचे 20 टक्के एवढा फरक कधीच पाडणार नाहीत. युरेनियमच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं, कारण रिसोर्स मॅनेजमेंट कार्ड युरेनियमला हात लावत नाही आणि जायंट डेथ रोबॉट मात्र दर टर्नला युरेनियम खातो. नकाशावर युरेनियमच्या खाणी थोड्या. दोन खाणींवर दोन नग जादा मिळणं हा त्या टप्प्यावर लढाईचा निकाल फिरवणारा फरक असतो.

एन्कॅम्पमेंट इथे दुसऱ्यांदा कामाला येतं. साठ्याची मर्यादा मुळात 50 असते आणि एन्कॅम्पमेंटमधली प्रत्येक इमारत ती 10ने वाढवते. बॅरक्स किंवा स्टेबल, आर्मरी, मिलिटरी अकॅडमी अशा तीन इमारती असलेलं एक एन्कॅम्पमेंट म्हणजे 30 जास्त. मर्यादेच्या वर जमा होणारा रिसोर्स वाया जातो. कॉर्पोरेट घेऊन साठा 50वर अडकलेला ठेवणं म्हणजे दर टर्नला तेल मातीत ओतणं. एकतर एन्कॅम्पमेंटच्या इमारती पूर्ण करा, नाहीतर जादा तेल दर काही टर्नांनी इतर राष्ट्रांना विकून टाका. ज्यांच्याकडे तेल नाही ते सोनं मोजतात. फक्त ज्याच्यावर पुढे चाल करायची आहे त्याला विकू नका. मॅग्नस गव्हर्नर असेल तर त्याची ब्लॅक मार्केटीअर ही बढती शहरात युनिट बांधताना लागणाऱ्या रिसोर्समध्ये 80 टक्के सूट देते. बांधणी त्या शहरात करा आणि कॉर्पोरेटने वाढलेली आवक सांभाळखर्चाला ठेवा. ही जोडी मला फार आवडते.

म्हणून डॉमिनेशनसाठी, म्हणजे युद्धाने जिंकण्यासाठी, खेळणाऱ्याला खरा प्रश्न पडतो तो फॅसिझम की कॉर्पोरेट असा. फॅसिझम प्रत्येक लढाऊ युनिटाला 5 ताकद देतो आणि युनिट बांधायला वेग देतो. ताकदीतला 5चा फरक मोठा असतो, विशेषतः समोरचा तुमच्याच टेकच्या पातळीवर असताना. मी असा निवाडा करतो: समोरचा बरोबरीचा असेल तर फॅसिझम सोडू नका, 2 जादा जागांसाठीसुद्धा नाही. पण तुम्ही टेकमध्ये पुढे असाल, लढाया सहज जिंकत असाल आणि अडचण फक्त एवढीच असेल की एकाच वेळी दोन आघाड्यांवर सैन्य पुरत नाही, तर कॉर्पोरेट. तेव्हा ताकद कमी पडत नसते, संख्या कमी पडत असते. टेकमध्ये पुढे असलेल्याला सायन्सची घटही फारशी टोचत नाही, हा त्यातला आणखी एक सोयीचा भाग.

एक खबरदारी. तेल आणि कोळसा जाळला की कार्बन वाढतो, आणि युनिटांचं इंधनही त्यात धरलं जातं. समुद्रपातळी वाढून किनाऱ्याच्या सखल टाइल बुडतात, तेव्हा किनारी शहरं जास्त असतील तर फ्लड बॅरिअर आधी बांधा आणि मग हे सरकार आणा.

कोणत्या राष्ट्रांना हे जास्त साजेसं आहे? जर्मनी पहिली. तिला प्रत्येक शहरात लोकसंख्येच्या मर्यादेपेक्षा एक डिस्ट्रिक्ट जादा मिळतो आणि तिच्या हान्साला (तिच्या खास इंडस्ट्रियल झोनला) शेजारच्या कमर्शियल हबचा मोठा बोनस असतो. म्हणजे हब तुम्ही बांधणारच, आणि एन्कॅम्पमेंटला ती जादा जागा आयती आहे. मूळ प्रॉडक्शन हान्सामुळे मोठं असल्याने टक्केही तिथे खरे वाटतात. झुलूंचं इकांडा हे एन्कॅम्पमेंटच्या जागीच येतं आणि ते सैन्यासाठी सगळीकडे बांधलं जातं, तेव्हा त्यांनाही हे सरकार सहज बसतं. कोरियासारख्या सायन्सवर जगणाऱ्या राष्ट्राने मात्र टेक पूर्ण होईपर्यंत लांब राहावं.

नावामुळे होणारे दोन गोंधळ इथेच मिटवतो. पहिला ‘मोनॉपोलीज अँड कॉर्पोरेशन्स’ या मोडचा. जानेवारी 2021मध्ये व्हिएतनाम आणि कुबलाई खान यांच्यासोबत आलेला तो वेगळा मोड आहे. त्यात एकाच लक्झरी रिसोर्सचे अनेक स्रोत विकसित करून आधी इंडस्ट्री आणि मग ग्रेट मर्चंट वापरून कॉर्पोरेशन उभारायचं असतं. राज्यप्रकाराशी त्याचा नियमाने काही संबंध नाही. कुठल्याही सरकारात ते करता येतं. ग्रेट मर्चंट हबमधूनच येत असल्याने दोन्ही एकाच डावात छान जमतात, एवढंच. दुसरा गोंधळ ‘स्टेलारिस’ या अवकाशातल्या साम्राज्यांच्या गेममधल्या मेगाकॉर्प विस्ताराचा. डिसेंबर 2018मध्ये आलेल्या त्या विस्तारात कंपनी असणं हे साम्राज्य तयार करतानाच, पहिल्या दिवसाआधी, ठरतं. तिथे दुसऱ्या साम्राज्यांशी व्यापारी करार करून त्यांच्या ग्रहांवर शाखा उघडायच्या आणि त्यांच्या भरभराटीतून कमवायचं असतं. शेजारी श्रीमंत झाला तर तुमचं भलं होतं. ‘सिव्ह’मधलं कॉर्पोरेट सरकार शेजाऱ्याच्या श्रीमंतीशी काही देणंघेणं ठेवत नाही; ते तुमच्याच विहिरी आणि तुमच्याच छावण्या मोजतं. एका खेळातली सवय दुसऱ्यात आणली तर नुकसान होतं.

आता तुमचा डाव. 7 शहरांना 10 टक्के आणि त्यातली 2 शहरं एन्कॅम्पमेंटवाली असतील तर त्यांना 20. सायन्स व्हिक्टरीसाठी तुम्हाला लागणार आहे ते असं: स्पेसपोर्ट, मग उपग्रह, चंद्र, मंगळ, एक्झोप्लॅनेट मोहीम, आणि मग 50 प्रकाशवर्षांचा प्रवास, जो दर टर्नला 1 प्रकाशवर्षाने होतो आणि लेझर स्टेशनच्या प्रकल्पांनी वेग घेतो. यातलं स्पेसपोर्ट हे डिस्ट्रिक्ट आहे, बाकी सगळे प्रकल्प. सिंथेटिक टेक्नॉक्रसी शहरातल्या प्रकल्पांना 30 टक्के प्रॉडक्शन देते, वर प्रत्येक शहराला 3 पॉवर. पण स्पेसपोर्ट, ज्याला 1800 प्रॉडक्शन लागतं, त्याला तिचा काही उपयोग नाही. कॉर्पोरेटचे 10 किंवा 20 टक्के मात्र शहर जे काही बांधत असेल त्या सगळ्याला लागू होतात, स्पेसपोर्टलाही.

म्हणून क्रम असा लावा. आत्ता कॉर्पोरेट. स्पेसपोर्ट त्या दोन एन्कॅम्पमेंटवाल्या शहरांपैकी जिथे प्रॉडक्शन जास्त आहे तिथे काढा, आणि तिथली मिलिटरी अकॅडमी पूर्ण करा, कारण इंटिग्रेटेड स्पेस सेल हे मिलिटरी कार्ड मिलिटरी अकॅडमी किंवा सीपोर्ट असलेल्या शहरात अवकाश प्रकल्पांना 15 टक्के देतं. डेमोक्रसीत तुमच्याकडे मिलिटरीची एकच जागा होती, आता 3 आहेत, तेव्हा ते कार्ड कोणालाही न हलवता बसेल. पुढे सिंथेटिकमध्येही 3च आहेत, म्हणजे ते तसंच सोबत जाईल. इकॉनॉमिकच्या जागांत रॅशनलिझम हे कॅम्पसच्या इमारतींचं सायन्स वाढवणारं कार्ड ठेवाच. सायन्सच्या घटीवर तो सर्वात सरळ उतारा आहे, फक्त शहराची लोकसंख्या आणि कॅम्पसचा लगतचा बोनस त्याच्या अटीत बसतोय ना ते तपासा. फाइव्ह-इयर प्लॅन हे कार्ड त्याच्या शेजारी. उरलेल्या जागा सोन्याकडे वळवा. रेयना गव्हर्नर कॉन्ट्रॅक्टर या बढतीपर्यंत पोचलेली असेल तर तिच्या शहरात डिस्ट्रिक्ट सोन्याने विकत घेता येतो, आणि दुसरं स्पेसपोर्ट त्या मार्गाने काढणं हा 7 हबांच्या सोन्याचा सर्वात चांगला उपयोग आहे.

दरम्यान कल्चर ऑप्टिमायझेशन इम्पेरेटिव्ह या सिंथेटिक उघडणाऱ्या सिव्हिककडे लावा. ते सिव्हिक पूर्ण होतं त्या टर्नला सिंथेटिकमध्ये बदल करा. दोन्ही राज्यप्रकार तुम्ही पहिल्यांदाच घेत असल्याने या बदलात अनार्की (सरकारविना जाणारे टर्न) येत नाही. परतीचा रस्ता मात्र बंद समजा. एकदा सोडलेल्या सरकारात पुन्हा जायचं म्हटलं की अनार्कीचे टर्न भरावे लागतात आणि शर्यतीच्या त्या टप्प्यावर ते परवडत नाहीत. त्यामुळे स्पेसपोर्टला 3-4 टर्न उरलेले असताना ऑप्टिमायझेशन इम्पेरेटिव्ह पूर्ण होत असेल तर एक-दोन टर्न दुसऱ्या सिव्हिकवर काढा आणि मग ते संपवा. सिव्हिक पूर्ण होण्याच्या टर्नलाच कार्डं फुकट बदलता येतात, हे वेळापत्रक त्यावरच बेतलेलं आहे.

एकाच परिस्थितीत मी तुम्हाला आत्ता कॉर्पोरेट घेऊ नका म्हणेन. स्मार्ट मटेरियल्स आणि ऑफवर्ल्ड मिशन ही दोन टेक अजून लांब असतील आणि स्पेसपोर्ट आधीच उभं असेल, तर सायन्सचा तोटा खरा आहे आणि बदल्यात मिळणारं प्रॉडक्शन खर्च करायला तुमच्याकडे काही नाही. तसं असेल तर डेमोक्रसीतच थांबा, ट्रेड रूट मित्रराष्ट्रांकडे वळवा आणि सरळ सिंथेटिकवर उडी घ्या.